हिमतुषाराचा अंदाज आणि बागेची राखण

हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन, गवत आणि झाडांची पाने दिवसभर साठवलेली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. पान पातळ असते, त्याच्याजवळ साठा थोडा, त्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही लवकर गार होते. त्याचे तापमान शून्य अंशाखाली गेले की त्यावर जमलेले दव गोठते, किंवा हवेतली वाफ पाणी न होता थेट हिमकणांच्या रूपात पानावर बसते. हाच हिमतुषार. पावसासारखा किंवा गारांसारखा तो वरून पडत नाही, जागच्या जागी तयार होतो. म्हणूनच त्याचा अंदाज जागेपुरता बांधावा लागतो आणि बंदोबस्तही जागेपुरताच करता येतो.

महाराष्ट्रात ही आपत्ती मोजक्या ठिकाणची आहे. महाबळेश्वरजवळचा वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याचा परिसर, सातपुड्यातील तोरणमाळ आणि डाब-मोलगीकडचा उंच भाग, आणि थंडीची लाट तीव्र असेल त्या वर्षी निफाडच्या द्राक्षपट्ट्यातील सखल शिवारे, एवढ्या ठिकाणी दव गोठल्याच्या बातम्या येतात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ धोक्याचा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राच्या दमट हवेमुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

महाबळेश्वरचे उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. गावातल्या वेधशाळेत किमान तापमान आठ-दहा अंश नोंदले गेलेले असते, आणि त्याच पहाटे दोन-तीन किलोमीटरवर तलावाकाठी मोटारींचे टप, बोटींचा धक्का आणि स्ट्रॉबेरीची पाने पांढऱ्या थराने माखलेली असतात. या तफावतीमागे दोन कारणे आहेत. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, आकाशापासून आडोशाला ठेवलेला असतो. उघड्या गवताच्या पातीचे तापमान शांत रात्री त्यापेक्षा तीन ते पाच अंशांनी कमी असू शकते. दुसरे कारण उताराचे. गार हवा जड असते. ती पठारावरून, टेकड्यांच्या उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत येते आणि खोलगट भागात साचते. पठारावरचे गाव त्या मानाने उबदार राहते आणि तलावाची वाटी रात्रभर भरत जाते. छापून आलेले किमान तापमान ज्याच्या त्याच्या बागेला जसेच्या तसे लागू पडत नाही, ते यामुळेच.

अंदाज बांधताना पहिली पायरी म्हणजे मोठ्या हवामानाकडे लक्ष ठेवणे. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ सरकून गेला की त्यामागून कोरडे, गार उत्तरेचे वारे मध्य महाराष्ट्रापर्यंत पोचतात. ढग असतील तोवर रात्री उबदार राहतात, कारण ढग जमिनीने सोडलेली उष्णता परत खाली पाठवतात. ढग हटले, आभाळ स्वच्छ झाले आणि एक-दोन दिवसांनी वारा पडला की खरा धोका सुरू होतो. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा 4.5 अंश किंवा अधिक कमी असेल तर थंडीची लाट मानतो. पारा 4 अंशांवर किंवा त्याखाली गेला तर सरासरी न पाहताही लाट धरली जाते. जिल्हावार कृषी हवामान सल्ला मराठीतून मिळतो आणि 2019 साली सुरू झालेल्या ‘मेघदूत’ ॲपवरही पाहता येतो. त्यातून चार-पाच दिवस आधी सावध होता येते. पण बागेत काय होणार हे सांगायला तो पुरेसा नाही.

त्यासाठी बागेत स्वतःचा तापमापक हवा. किमान तापमान दाखवणारा साधा तापमापक घ्यावा आणि तो भिंतीवर किंवा झाडाखाली न टांगता बागेतल्या सर्वांत सखल जागी, पिकाच्या उंचीवर, उघड्या आकाशाखाली बसवावा. आत सरकती खूण असलेला अल्कोहोलचा तापमापक आडवा ठेवावा लागतो. उभा केला तर खूण घसरते. बाजारातला तापमापक एखाद्या अंशाने चुकीचा असणे नेहमीचेच, आणि या कामात एक अंश फार मोठा असतो. पेलाभर बर्फाचा चुरा आणि त्यात थोडे पाणी घालून, ढवळून, तापमापकाचे टोक काही मिनिटे त्यात बुडवले की तो शून्य दाखवायला हवा. एक दाखवत असेल तर प्रत्येक नोंदीतून एक वजा करावा.

डिसेंबरच्या सुरुवातीपासून निरभ्र रात्रींच्या नोंदी वहीत ठेवल्या, आणि शेजारी जवळच्या वेधशाळेचा किमान आकडा लिहिला, की थोड्याच दिवसांत दोहोंतला फरक ध्यानात येतो. समजा वेधशाळेत 9 आणि बागेत 4, दुसऱ्या रात्री 8 आणि 3, असा फरक पाच अंशांच्या आसपास स्थिर दिसला, तर अंदाजात 6 अंश आले तरी बागेत पारा एकावर येईल असे धरून तयारीला लागावे. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्रींच्या नोंदी या हिशेबात धरू नयेत; त्या रात्री फरक जवळजवळ नाहीसा होतो. एका हिवाळ्याची अशी वही कोणत्याही सर्वसाधारण नियमापेक्षा उपयोगी ठरते.

दुसरी मोजणी दवबिंदूची. हवा ज्या तापमानाला वाफेने संपृक्त होते आणि दव पडू लागते ते हे तापमान. वाफेचे पाणी होताना ती दर ग्रॅममागे सुमारे 600 कॅलरी उष्णता सोडते. म्हणून दव पडू लागले की तापमानाची घसरण मंदावते. दवबिंदू 7-8 अंश असेल तर पहाटेपर्यंत पारा शून्यावर जाणे अवघड. तो शून्याच्या जवळपास किंवा त्याखाली असेल तर घसरण अडवायला काहीच नसते. अशा कोरड्या रात्री पांढरा थर दिसतही नाही, पण पानातले पाणी गोठून झाड काळे पडते. पांढऱ्या दवाचे फोटो वर्तमानपत्रात येतात. हा कोरडा गारठा मात्र कोणाच्या नजरेत न येता बाग जाळून जातो, आणि बागेच्या दृष्टीने तोच अधिक वाईट.

दवबिंदू घरच्या घरी काढता येतो. संध्याकाळी स्टीलचा चकचकीत, बाहेरून कोरडा पुसलेला पेला अर्धा पाण्याने भरून उघड्यावर ठेवावा. त्यात बर्फाचे लहान तुकडे एकेक टाकत पाणी ढवळत राहावे. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर पहिल्यांदा धुरकटपणा आला की त्या क्षणीचे पाण्याचे तापमान वाचावे. तोच दवबिंदू. तोंड लांब ठेवावे, नाहीतर श्वासातली वाफ पेल्यावर धरते. पाणी शून्याजवळ येऊनही पेला कोरडाच राहिला तर दवबिंदू शून्याखाली आहे, आणि आभाळ स्वच्छ व वारा पडलेला असेल तर त्या रात्री झाकण्याची तयारी ठेवावी.

सूर्यास्तानंतर तासाभरात पारा झपाट्याने उतरतो, मग उतार हळू होत जातो आणि सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास येते. डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रात ही वेळ साधारण सकाळी साडेसहा ते सव्वासातची. रात्री दहाला तापमापक 5 अंश दाखवत असेल, हवा कोरडी असेल आणि पान हलत नसेल, तर पहाटे शून्य गाठले जाणार असे मानण्यास हरकत नाही. मध्यरात्रीनंतर ढग आले किंवा वारा सुटला तर संकट टळते. ताशी आठ-दहा किलोमीटरचा वारासुद्धा वरची उबदार हवा खाली मिसळायला पुरतो.

सगळ्या झाडांना सारखी इजा होत नाही. पानातल्या पेशींच्या मधल्या जागेत आधी बर्फ बनतो. तो पेशींमधले पाणी ओढून घेतो, पेशी आक्रसतात, त्यांची पातळ आवरणे फाटतात, आणि ऊन वर आले की पान उकडल्यासारखे लुळे, गडद होते. कोबी, वाटाणा, पालक, लसूण, गाजर हा गारठा बऱ्यापैकी सोसतात. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, भोपळावर्गीय वेल, केळी, पपई, कोलियस, बेगोनिया ही नाजूक मंडळी. केळीची वाढ तर 12-13 अंशांखालीच थांबते. तिला दुखापत व्हायला बर्फाची गरज लागत नाही.

एकाच झाडाच्या निरनिराळ्या अवयवांची सहनशक्तीही वेगळी असते. स्ट्रॉबेरीची घट्ट मिटलेली कळी उणे 5 अंशांपर्यंत तग धरते, हिरवे लहान फळ उणे 2 अंशांच्या आसपास, पण पूर्ण उमललेले फूल उणे 1 अंशालाच मरते. बागेत फेरफटका मारताना हे नुकसान पटकन कळत नाही, कारण पांढऱ्या पाकळ्या तशाच टवटवीत असतात. फुलाच्या मधला पिवळा, घुमटासारखा भाग पाहावा लागतो. तो दुपारपर्यंत तपकिरी आणि दुसऱ्या दिवशी काळा पडला असेल तर त्या फुलाचे फळ गेले. मधला भाग काही अंशीच काळवंडला असेल तर फळ धरते, पण वेडेवाकडे. द्राक्षाच्या बाबतीत निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांना दव गोठण्याआधीच्या गारठ्याचाच जास्त जाच होतो. तापमान सलग पाच-सहा अंशांवर राहिले की मण्यांची फुगवण थांबते, साखर भरण्याच्या अवस्थेत मण्यांना तडे जातात, आणि पांढऱ्या जातींत पिंक बेरीचा प्रश्न येतो. त्यासाठी घड कागदाने झाकण्याची पद्धत आता रुळली आहे.

रक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय लागवडीच्या वेळीच करायचा असतो. नाजूक झाडे खोलगट भागात, नाल्याच्या काठी किंवा उताराच्या पायथ्याशी लावू नयेत; उताराच्या मधल्या टप्प्यावर लावावीत. उताराच्या खालच्या टोकाला दगडी गडगा किंवा दाट कुंपण असेल तर ते गार हवेला धरणासारखे अडवते आणि बाग तिच्यात बुडते. अशा कुंपणात खालच्या बाजूला खिंड ठेवावी. वरच्या बाजूचे कुंपण मात्र दाट असावे, म्हणजे वरून येणारी हवा बाजूने वळते. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या जांभ्या दगडाच्या भिंतीलगतची पट्टी रात्रभर उबदार राहते. कुंड्या हलवण्यासाठी हीच जागा उत्तम. कुंडीतल्या झाडाची मुळे चहूबाजूंनी गार होतात, म्हणून कुंड्या एकमेकींना चिकटवून, ओसरीत किंवा छपराखाली ठेवाव्यात. साधे पत्र्याचे छप्परही झाडाला मोकळ्या आकाशापासून आडोसा देते.

जमिनीचा साठा वाढवणे हा दुसरा उपाय. ओली, दबलेली, तणविरहित माती दिवसा भरपूर ऊन शोषते आणि रात्री ती उष्णता वर देते. कोरडी, नुकतीच भुसभुशीत केलेली माती यातले काहीच नीट करत नाही, कारण तिच्यात हवा भरलेली असते. म्हणून धोक्याच्या रात्रीच्या आदल्या दिवशी, सकाळी किंवा दुपारी, भरपूर पाणी द्यावे आणि त्या आठवड्यात कोळपणी करू नये. पालापाचोळ्याच्या आच्छादनाबद्दल गैरसमज फार आहे. ते मुळांना उबदार ठेवते हे खरे, पण जमिनीची उष्णता वर येऊ देत नाही, त्यामुळे त्यावरच्या पानाफुलांना गारठा अधिक लागतो. कंदवर्गीय झाडांना ते चांगले, फुलावर आलेल्या भाजीपाल्याला नाही. थंडीच्या लाटेपुरते ते बाजूला ओढून माती उघडी करावी.

झाकण्यासाठी जुन्या चादरी, सुती साड्या, गोणपाट किंवा बाजारात मिळणारे न विणलेले पांढरे क्रॉप कव्हर वापरावे. झाकण झाडाला ऊब देत नाही, जमिनीतून येणारी ऊब अडवून ठेवते, एवढे समजले की बाकीचे नियम आपोआप सुचतात. आच्छादन चारही बाजूंनी जमिनीला टेकले पाहिजे आणि कडांवर दगड ठेवले पाहिजेत. नुसत्या शेंड्याला कापड गुंडाळून खाली दोरीने बांधले, तर जमिनीची ऊब बाहेरच राहते आणि कापड असून नसल्यासारखे. बांबूच्या कामट्यांची कमान करून त्यावर कापड घालावे. पानाला टेकलेले कापड दवाने भिजून गोठले की त्याखालचे पान करपते. झाकण सूर्यास्ताच्या सुमारासच घालावे, रात्री अकराला नव्हे, कारण तोवर जमिनीची बरीच उष्णता निघून गेलेली असते. सकाळी ऊन चढल्यावर काढावे.

प्लॅस्टिकचा साधा पातळ कागद या कामाला कमी दर्जाचा आहे. जमिनीतून निघणारी उष्णता त्यातून बरीचशी आरपार जाते, आणि सकाळी तो तसाच राहिला तर आत झाडे उकडतात. स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांवर लहान बोगदे करून तो वापरायचा झाल्यास वर गोणपाट किंवा क्रॉप कव्हर घालावे. आच्छादनाखाली पाण्याने भरलेले कॅन ठेवण्याची युक्ती फारशी वापरात नाही, पण वापरण्यासारखी आहे. वीस लिटरचा कॅन 20 अंशांवरून शून्यावर येताना 400 किलोकॅलरी उष्णता सोडतो. त्यातले पाणी गोठू लागले तर दर लिटरमागे आणखी 80 किलोकॅलरी मिळतात. दिवसभर उन्हात तापलेले काळे कॅन संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी ठेवावेत.

विहिरीचे आणि कूपनलिकेचे पाणी हिवाळ्यातही कोमट असते; पहाटे त्यावरून वाफा निघताना दिसतात. म्हणूनच पहाटे ठिबक चालू करण्याची किंवा वाफ्यात पाणी सोडण्याची द्राक्षपट्ट्यातली पद्धत शास्त्राला धरून आहे. तुषार सिंचनाने झाडावर पाणी उडवणे हा मात्र दुधारी उपाय आहे. पाणी पानावर गोठताना उष्णता देते आणि बर्फाच्या पापुद्र्याखालचे पान शून्य अंशावर टिकून राहते, पण पाण्याची धार अखंड हवी. ती मध्येच थांबली तर ओल्या पानावरून बाष्पीभवन सुरू होते. गोठताना मिळणाऱ्या 80 कॅलरींच्या तुलनेत बाष्पीभवनाला सुमारे 600 लागतात, म्हणजे न भिजवलेल्या झाडापेक्षा भिजवलेले झाड जास्त मरते. तुषार सुरू केले की ऊन येऊन बर्फ आपोआप वितळून गळेपर्यंत बंद करता येत नाहीत. पहाटे चार वाजता भारनियमन असेल तर या वाटेला जाऊच नये.

शेकोट्यांबद्दल थोडे सविस्तर. थंडीची लाट आली की बांधावर ओला पालापाचोळा पेटवून बागेत धूर करण्याचा सल्ला आजही छापला जातो. धुराचे कण जमिनीतून निघणाऱ्या लांब लहरींच्या प्रारणाला फारसे अडवत नाहीत. ढगातले पाण्याचे थेंब ते काम करतात, धूर नाही. उलट सकाळी साचून राहिलेला धूर ऊन अडवतो आणि बाग उशिरा तापते. शेकोटीचा फायदा होतो तो तिच्या उष्णतेचा. म्हणून कोरडी लाकडे, काटक्या जाळाव्यात, धूर कमीत कमी व्हावा. एक मोठा जाळ करण्यापेक्षा बागभर विखुरलेले अनेक लहान जाळ चांगले: शांत रात्री जमिनीलगत गार आणि दहा-पंधरा मीटर वर उबदार हवेचा थर असतो, लहान जाळाची ऊब त्या थराखाली कोंडून राहते, तर मोठा जाळ थर फोडून निघून जातो आणि भोवतालची गार हवा आत ओढतो. घराच्या परसबागेसाठी मात्र शेकोटीचे नावही काढू नये. चार चादरी तिच्यापेक्षा जास्त काम करतात.

नत्राचा भरपूर हप्ता दिलेल्या झाडाला हिवाळ्यात कोवळी, रसरशीत फूट येते आणि तीच आधी जळते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर नत्र आखडते ठेवावे आणि छाटणीही टाळावी.

परदेशातल्या मराठी घरांत हा विषय बहुधा तुळस, कढीपत्ता आणि मोगऱ्याच्या कुंड्यांपुरता येतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू जर्सीसारख्या ठिकाणी पहिला हिमतुषार साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पडतो. तिथे झाकणे हा एक-दोन रात्रींचा उपाय आहे, कारण मागून येणारी ध्रुवीय हवा वाऱ्यासह येते आणि दिवसाही पारा वर येऊ देत नाही. रात्रीचे तापमान 10 अंशांच्या आसपास येऊ लागले की कुंड्या घरात घ्याव्यात. आत आणल्यावर दक्षिणेच्या खिडकीत ठेवाव्यात, रात्री पाने काचेला टेकू देऊ नयेत आणि पाणी निम्म्यावर आणावे. कढीपत्त्याची पाने गळली तरी घाबरून पाणी वाढवू नये. तो थंडीत विसावतो आणि वसंतात फुटतो.

गारठा लागून गेल्यावर सर्वांत मोठी चूक कात्रीची होते. काळी पडलेली पाने आणि शेंडे दिसतात वाईट, पण पुढच्या थंड रात्री तेच खालच्या जिवंत कळ्यांवर पांघरुणाचे काम करतात. शिवाय लवकर छाटले तर नवी फूट लवकर येते आणि पुढच्या लाटेत सापडते. मोठ्या झाडांची, म्हणजे लिंबू, आंबा, पेरू यांची फांदी मेली की जगली हे नखाने साल खरवडून पाहावे: खाली हिरवे असेल तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडे असेल तर गेली. तरीही छाटणी फेब्रुवारी संपेपर्यंत, नवी फूट कुठून येते हे दिसेपर्यंत, थांबवावी. स्ट्रॉबेरी याला अपवाद. काळ्या मध्याची फुले लगेच खुडून शेताबाहेर टाकावीत, कारण मेलेल्या फुलांवर करडी बुरशी वाढते आणि तिथून चांगल्या फळांवर जाते. झाड स्वतः जगलेले असते, नवे तुरे येतात आणि फुलापासून फळापर्यंत साधारण चार-पाच आठवडे लागतात, तेवढा तोडा पुढे जातो. टोमॅटोचा शेंडा गेला असला तरी बुंध्याजवळची बगलफूट आठवडाभर पाहून मगच झाड उपटण्याचा निर्णय घ्यावा. या काळात पाणी बेताचे द्यावे, आणि नवी पाने पूर्ण उघडेपर्यंत खत देऊ नये.